डुलक्याचे दात

१

त्यांचं खरं आडनाव काही का असेना, शहरातले झाडून सारे दातांचे डॉक्टर त्यांना कवळीकरच म्हणत. कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवत आणि कवळीकर आपल्या छोट्याशा कारखान्यात, भिंगाच्या दिव्याखाली मान घालून, मेणात एकेक दात रोवत बसत. त्यांच्या हातची कवळी घालून माणूस हसला तर त्याच्या बायकोलाही शंका येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. दिवसभर परक्या जबड्यांशी झटापट करून घरी आले की त्यांना एकच तोंड बघावंसं वाटे, आणि ते तोंड बायकोचं नव्हतं.

ते डुलक्याचं होतं.

कवळीकर शाळेत होते तेव्हा टीव्हीवर डुलक्याचं कार्टून लागायचं. राखाडी, गोलमटोल, ना धड अस्वल ना धड ससा असा तो प्राणी. समोर केवढंही संकट येवो, हा पठ्ठ्या ऐन मोक्याला पेंगायचा, आणि त्याला जाग येईपर्यंत सगळं आपोआप मार्गी लागलेलं असायचं. तो बोलायचा नाही, खायचा नाही. डोळे कायम अर्धे मिटलेले, आणि तोंड म्हणजे नुसती एक रेघ, या गालापासून त्या गालापर्यंत ओढलेली. त्या रेघेवर कवळीकरांचा जीव होता. "अख्ख्या जगात हे एकच तोंड असं आहे, जे माझ्याकडे काही मागत नाही," असं ते म्हणत. बायको समोर बसलेली असतानाही म्हणत.

घराची मागची खोली डुलक्याची होती. चार भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर डुलक्याच डुलक्या: मातीचा, पत्र्याचा, कापसाचा, कपावर छापलेला, घड्याळात बसलेला, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर पेंगणारा. कधीकाळी ही मुलीची खोली होती. तिचा लाकडी पलंग अजून तिथेच होता, पण त्यावर आता खोकी रचलेली असत. "बाकीच्यांचे नवरे दुपारी डुलक्या काढतात," बायको पाहुण्यांना सांगायची, "आमचे डुलक्या विकत आणतात." पाहुणे हसायचे. ती हसायची नाही.

दर रविवारी सकाळी कवळीकर खोलीत जात आणि मऊ ब्रशने सगळ्यांची धूळ झटकत. सर्वांत शेवटी पाळी यायची ती मोठ्या रबरी डुलक्याची. तीन-चार वर्षांच्या मुलाएवढा तो होता. एका खेळण्यांच्या दुकानात तो काचेमागे बसलेला असायचा. दुकान बंद झालं तेव्हा, म्हणजे मुलगी झाली त्याच वर्षी, तो कवळीकरांच्या घरी आला. दुकानदाराने स्वतः गाडी करून तो पोहोचवला होता, आणि आग्रह करूनही चहाला थांबला नव्हता.

त्या रविवारी कवळीकरांचा ब्रश त्याच्या तोंडावरून फिरता फिरता अडकला.

त्यांनी चष्मा वर केला आणि जवळ गेले. रेघेचं उजवं टोक नखभर उकललं होतं. आत काहीतरी पांढरं होतं. कवळीकरांनी ब्रशच्या दांड्याने त्यावर हलकेच टिचकी मारली.

टक्.

रबराचा आवाज असा येत नाही. हा आवाज कवळीकर कामाच्या टेबलावर दिवसातून शंभरदा ऐकत. गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की हा दाताचा आवाज आहे.

२

"अगं, इकडे ये जरा," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "डुलक्याला दात आहेत."

बायको कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. "मग?"

"मग काय? डुलक्याला दात नसतात."

"त्या मोठ्याला आहेत की. पहिल्यापासून आहेत."

कवळीकरांना आधी वाटलं, ती चेष्टा करतेय. पण चेष्टा करणं तिने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आपल्या मुलीने. रोज सांगायची. एकदा मी दारातून बघितलं, आणि त्यानंतर त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. केर काढायलासुद्धा नाही. इतक्या वर्षांत लक्षात नाही आलं तुमच्या?"

खरंच आलं नव्हतं. आपल्या संग्रहाला हात लागू नये म्हणून ही आत येत नाही, आपला मान राखते, असा त्यांनी सोयीस्कर समज करून घेतला होता.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

आता तिने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "दातांच्या कण्या केल्या मी. पोरीची खोली बदला म्हटलं. त्याला कारखान्यात नेऊन ठेवा म्हटलं. तुमचं एकच पालुपद, डुलक्याबद्दल मला शिकवू नका. तेव्हा आता तुम्हीही मला शिकवू नका." आणि तिने दुसरा कांदा घेतला.

३

कवळीकर काही भोळसट नव्हते. रबर जुनं झालं की चिरतं, हे त्यांना ठाऊक होतं. आत भराव म्हणून प्लास्टर घातलेलं असणार, तेच दिसतंय. टक् असा आवाज प्लास्टरचाही येऊ शकतो. मुलांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते आईच्याही डोक्यात शिरतं. अशी सगळी कारणं त्यांनी ओळीने मांडली आणि ती त्यांना पटलीही.

तरी त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना फोन केलाच. डुलक्याच्या संग्रहात कवळीकरांच्या खालोखाल त्यांचाच नंबर, आणि हे खालोखाल असणं त्यांना कायम सलायचं. तसलाच एक रबरी डुलक्या त्यांच्याकडेही होता.

"दात?" पोस्टमास्तर खो खो हसले. "अहो कवळीकर, धंदा डोक्यात गेलाय तुमच्या! उद्या डुलक्याला अक्कलदाढ आली म्हणून सांगाल."

"तुमच्याकडच्याला नाहीत ना? नीट बघून सांगा."

पलीकडे थोडा वेळ खुडबुड झाली. पोस्टमास्तर परत आले तेव्हा हसू ओसरलं होतं. "नाहीत. नुसती रेघ आहे. पण तुमच्याकडच्याला खरोखर असले, तर मग तो एकमेव झाला हो. एखादा फोटो तरी पाठवा."

कवळीकरांनी फोटो पाठवला नाही. फोन ठेवला तेव्हा त्यांचं मन हरभऱ्याच्या झाडावर चढलं होतं. एकमेव! सगळ्या जगात दुसरा नाही, आणि तो आपल्या घरी!

त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी कारखान्यातून तडक मागच्या खोलीत जात. फट वाढू नये म्हणून त्यांनी कामावरचं गुलाबी मेण आणलं, गरम करून त्याची पट्टी त्या उकललेल्या टोकावर बसवली, आणि वरून अंगठा फिरवून अशी सफाईदार केली की तोंड पूर्वीसारखं दिसू लागलं.

सकाळी ती पट्टी नव्हती. खाली पडली असेल म्हणून त्यांनी फरशी पाहिली, फळीच्या मागे पाहिलं, डुलक्याच्या दोन्ही पायांमध्ये पाहिलं. मेणाचा कणही कुठे सापडला नाही. 'उंदीर,' ते स्वतःशी म्हणाले. त्या घरात त्यांनी कधी उंदीर पाहिला नव्हता, पण नाही म्हणायला कारण तरी मिळालं.

४

मुलगी परगावी राहायची. तिथल्या एका शाळेत गणित शिकवायची. तिला एक चार वर्षांची मुलगी होती, आणि ही नात आजवर एकदाही आजोळी आली नव्हती. कधी हिची परीक्षा, कधी तिचा ताप, कधी जावयाची रजा नाही. बायकोच अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन यायची. कवळीकरांना याचं वाईट वाटायचं, पण खोलीत गेलं की ते वाटणं बाहेर राहायचं.

त्यांनी फोन केला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, "बाळा, तो मोठा डुलक्या आठवतो का गं तुला?"

पलीकडे मागे नातीचा आवाज येत होता, तो एकदम बंद झाला. मुलगी दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"आई म्हणाली, तुम्हाला दिसले म्हणून."

"तसं काही नाही. रबर चिरलंय, आतलं प्लास्टर..."

"बाबा, माझा पलंग आहे का अजून?"

"आहे की."

"मग भिंतीकडचा कठडा बघा. मला काही विचारू नका. मी एकदा सांगितलं होतं."

तिने फोन ठेवला. कवळीकर हातातल्या फोनकडे बघत राहिले. कठडा म्हटल्याबरोबर त्यांना सगळं आठवलं होतं. मुलगी तेव्हा सात वर्षांची असेल. नव्याकोऱ्या पलंगाच्या कठड्यावर दातांच्या खुणा निघाल्या होत्या. कुणी चावलं विचारल्यावर ती म्हणाली होती, "मी नाही. त्याने." आणि फळीकडे बोट दाखवलं होतं. कवळीकरांनी तिच्या एक लगावली होती. पलंग खराब झाला म्हणून नव्हे, त्यांना इतकं काही पलंगाचं पडलं नव्हतं. तिने डुलक्याचं नाव घेतलं म्हणून.

५

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर कवळीकर कारखान्यातली पेटी घेऊन खोलीत गेले. भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि फळ्यांवरचे सगळे डुलक्या त्या उन्हात पेंगत होते. मोठ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पलंगावरची खोकी उतरवली, पलंग भिंतीपासून ओढला आणि गुडघ्यांवर बसले.

खुणा होत्या. लाकडावर कमानीसारख्या उमटलेल्या, वरून एक रांग, खालून एक रांग. इतक्या खोल, की कवळीकरांच्या मनात पहिला विचार आला तो धंद्यातलाच: एवढा जोर लावायचा तर चावणाऱ्याच्या दाढा पक्क्या हव्यात.

मापाची पावडर त्यांनी रबरी वाटीत पाण्याबरोबर कालवली. ही पावडर ओली असेपर्यंत लोण्यासारखी असते आणि मग बघता बघता घट्ट होते. तिचा गोळा त्यांनी खुणांवर दाबून बसवला आणि तो घट्ट व्हायची वाट बघत तसेच बसून राहिले. दोन्ही हात कठड्यावर, तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे.

रस्त्यावर एक गाडी गेली. मग शांत झालं.

मग मागे आवाज आला. कट् कट्. थोडं थांबून पुन्हा, कट् कट् कट्.

घड्याळ असेल, असं कवळीकरांना वाटलं. पण संग्रहातली घड्याळं ते चालू ठेवत नसत. सेल गळून डुलक्या खराब होतो म्हणून सगळे सेल त्यांनी स्वतः काढले होते. आणि हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. नवी कवळी बसवल्यावर डॉक्टर म्हणतात, "हं, आता दात आपटून बघा." मग खुर्चीतला म्हातारा वरचे दात खालच्यांवर आपटतो, आधी बिचकत, मग जरा धीटपणे. बरोबर बसतात का ते बघायला.

मागे वळून बघायचं काही कारण नाही, असं कवळीकरांनी स्वतःला बजावलं. गोळा घट्ट व्हायला हवा. हात हलला तर माप बिघडतं. पुढे अनेकदा ते स्वतःला हेच सांगत राहिले, की मी माप बिघडेल म्हणून वळलो नाही.

गोळा निघाल्याबरोबर ते उठले आणि बाहेर आले. पेटी आतच राहिली. ती आणायला ते परत गेले नाहीत.

६

खुणाच मुळात उलट्या, म्हणून कारखान्यात त्यांनी त्या मापावरून आणखी एक माप घेतलं आणि त्यात प्लास्टर ओतलं. वाळल्यावर साचा सोडवला आणि भिंगाखाली धरला. बराच वेळ त्यांनी तो या हातातून त्या हातात फिरवला.

जबडा मोठ्या माणसाचा होता. चांगला रुंद, भरदार. पण त्यातले दात दुधाचे होते. इवले इवले, गोलसर, एकमेकांना चिकटून बसलेले. लहान मुलाच्या जबड्यात वर दहा दात असतात आणि खाली दहा. इथे एकाच कमानीत, जागा होती तिथपर्यंत, दातच दात होते. कवळीकर मोजू लागले आणि मध्येच त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

कारखान्यात पॉलिशच्या चाकावर एक बाई काम करायच्या. बरीच वर्षं त्यांच्याकडे होत्या. चाक बंद करून त्या हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे कुठल्या डॉक्टरांचं हो?"

"असंच आहे. नमुना आहे."

"अगंबाई! माझ्या नातवाचे असलेच आहेत, तांदळासारखे." त्या वाकून बघू लागल्या, आणि मग मागे सरल्या. "पण हे किती! कोण आहे हे लेकरू? जेवतं तरी कसं?"

कवळीकरांनी साच्यावर फडकं टाकलं. बाई पुन्हा चाकावर गेल्या, पण त्या दिवशी त्यांनी पाठ कवळीकरांकडे न करता खुर्ची फिरवून घेतली.

तेवढ्यात कवळीकरांना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती त्या साच्यापेक्षा वाईट होती. थप्पड खाऊन मुलगी रडत होती तेव्हा तिचं तोंड उघडं होतं. त्या तोंडाचं चित्र आता त्यांच्यापुढे लख्ख उभं राहिलं. तिचे पुढचे चारही दात त्या महिन्यात पडलेले होते, वरचे दोन आणि खालचे दोन. नवे अजून यायचे होते. जन्मभर माणसांचे दात बघून पोट भरणाऱ्या बापाच्या समोर त्याची बोळकी मुलगी उभी होती, 'मी नाही चावले' म्हणत होती, आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

७

"तुझं खरं होतं," संध्याकाळी त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

मुलगी म्हणाली, "हे एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले, माहीत आहे बाबा तुम्हाला? मला वाटायचं मीच वेडी आहे. मुलगी झाल्यावर तिच्या खोलीत एक बाहुली ठेवली नाही मी. लोक हसायचे."

"चुकलं माझं."

"जाऊ दे. आता काय करणार आहात त्याचं?"

दोनच शब्द पुरे होते. फेकून देतो. कवळीकरांनी ते बोलायला तोंड उघडलं. बायको शेजारच्या खुर्चीत हातातली घडी अर्धवट ठेवून ऐकत होती. त्यांच्या ओठांवर शब्द आले आणि भलतंच निघालं.

"पण सगळ्या जगात दुसरा नाही गं तसा."

फोन कधी बंद झाला ते त्यांना कळलं नाही.

बायको उठली. कपाटावरची बॅग काढली. भांडली नाही, रडली नाही, आदळआपट केली नाही. साड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच म्हणाली, "हत्तीचे म्हणे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. याने दाखवायचे ठेवलेच नाहीत. सगळे खायचेच. पोरीचं लहानपण खाल्लं, माझा संसार खाल्ला. परवा सकाळी मी तिच्याकडे जातेय. यायचं असलं तर त्याआधी भंगारवाल्याला बोलवा. त्याच्या गाडीवर तो गेलेला मला दिसला, की माझ्या शेजारी येऊन बसा."

८

कवळीकरांनी भंगारवाल्याला बोलावलं. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

सकाळी खाली त्याची हातगाडी उभी होती आणि तिच्या मागे टॅक्सी. टॅक्सीत बायको बसली होती, बॅग मांडीवर घेऊन, शेजारची जागा मोकळी ठेवून. कवळीकर एक पोतं घेऊन वर गेले. त्यांनी ठरवलं होतं, तोंडाकडे बघायचं नाही, वरून पोतं टाकायचं आणि उचलायचं.

खोलीचं दार उघडलं. ऊन होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मोठा डुलक्या भिंतीकडे तोंड करून बसला होता.

कवळीकरांनी त्याला तसा वळवलेला नव्हता. बायकोने वळवला असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. लहानपणी मुलगी त्याला असाच वळवून ठेवायची आणि ते पुन्हा सरळ करायचे. पण बायको या खोलीत येत नव्हती.

ते पोतं उलगडून दोन पावलं पुढे गेले आणि थबकले.

डुलक्याचे गाल मोठे होते, इतके, की मागूनही डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे फुगवटे दिसत. ते फुगवटे हलत होते. खाली-वर, सावकाश. दात नसलेला माणूस नवी कवळी मिळाल्यावर पहिला घास कसा खातो, घाई न करता, चव घेत, तसे. आवाज अजिबात येत नव्हता. तोंड मिटून खायची चांगली सवय असावी.

मग ते थांबले. कुणीतरी बघतंय हे कळल्यावर माणूस थांबतो, तसे.

कुणीही शहाणा माणूस तिथून पळाला असता. कवळीकरांचेही पाय मागे सरकले होते. पण हात मात्र पुढे गेले. त्या हातांना तीस वर्षांची सवय होती. त्यांनी डुलक्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि अलगद फिरवलं. रबर कोमट होतं. उन्हाने, ते मनाशी म्हणाले. भिंतीच्या बाजूला ऊन येत नव्हतं.

डुलक्याचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि तोंडाच्या जागी नुसती एक रेघ होती.

फट नव्हती. चीर नव्हती. या गालापासून त्या गालापर्यंत, टीव्हीवर दिसायची तशी, साधी, समजूतदार, काही न मागणारी रेघ. कवळीकरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हणजे नव्हतंच काही! सगळा डोळ्यांचा आणि मनाचा खेळ. सगळे मिळून एका गरीब बिचाऱ्या जिवाच्या मागे लागले होते. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. कवळीकरांना तो ऐकू आला. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मेण सफाईदार करताना फिरवतात तसा त्यांनी आपला उजवा अंगठा त्या रेघेवरून फिरवला.

भंगारवाल्याने नंतर सांगितलं, की ओरडण्याचा वगैरे आवाज काही आला नाही. साहेब बऱ्याच वेळाने खाली आले, एक हात खिशात घालून. चेहरा पांढराफटक होता. म्हणाले, "आज नको. पुन्हा कधीतरी बोलावतो."

बायकोने टॅक्सीच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे पाहिलं. खिशाच्या खाली पँटवर काळपट डाग पसरत चालला होता. तिने बॅग मांडीवरून उचलून शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला."

९

"अंगठा पॉलिशच्या चाकात सापडला," कवळीकरांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. टाके घालणारा डॉक्टर तेवढा म्हणाला, की चाकाने जखम अशी गोल गोल होत नाही. पण रांग मोठी होती, त्याने पुढच्याला बोलावलं. पॉलिशच्या बाईंना तर ठाऊकच होतं, की त्या दिवशी चाकाला कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी महिनाअखेर काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नातवाला सांभाळायचंय."

अंगठ्याचं पेर वाचलं नाही. त्याच्यावाचून मेणात दात बसवणं म्हणजे बिनहाताने विणकाम करण्यासारखं. कवळ्या वाकड्या निघू लागल्या. डॉक्टर आधी हळहळले, मग कामं दुसरीकडे पाठवू लागले. कवळीकर बहुतेक वेळ घरीच असत. पलंगावर आता खोकी नव्हती. ती त्यांनी बाहेरच्या खोलीत रचली होती.

एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला इतक्या दिवसांतला पहिलाच.

"आईने अंगठ्याचं सांगितलं," ती म्हणाली. "चाकात गेला म्हणे."

"हो ना. वय झालं आता."

"बाबा." लहान मुलाशी बोलावं तसं तिने पुढचं सांगितलं. "मी रागावलेली नाही. आईसुद्धा नाही. मला फक्त खरं काय ते सांगा. त्याने चावलं ना? नुसतं हो म्हणा. मी उद्याच्या गाडीने येते. आपण दोघं मिळून त्याला बाहेर काढू. तुम्हाला हात लावावा लागणार नाही, मी उचलेन. मग तुम्ही इकडे आमच्याकडे राहा. तुमची नात रोज विचारते, आजोबा कसे दिसतात म्हणून."

कवळीकर पलंगाच्या काठावर बसले होते. समोर, हाताच्या अंतरावर, डुलक्या होता. उन्हं उतरली होती आणि त्याच्या गालांवर सावली पडली होती. रेघ एका टोकाला किंचित ओलसर दिसत होती.

"हो म्हणा, बाबा."

बँडेजमधला उरलेला अंगठा ठणकत होता. कवळीकरांनी तो दुसऱ्या हाताने झाकून घेतला.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "त्याने कशाला? मीच. माझंच लक्ष नव्हतं."

मुलीने वाद घातला नाही. तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तिचा पुन्हा फोन आला नाही.

खोलीत अंधारून आलं. दिवा लावायला उठावं असं कवळीकरांना वाटलं नाही. ते पुढे वाकले आणि डुलक्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "नाही सांगितलं मी. घाबरू नकोस."

इतक्या मऊ आवाजात ते त्या घरात आजवर कुणाशीच बोलले नव्हते.